कांदा, राजपत्र आणि जागरूक नागरिक

(केंद्र व राज्य शासनाच्या धोरणांचा मागोवा सामान्य नागरिकाने का आणि कसा घ्यावा, या विषयावर नाशिक येथील एका व्याख्यानमालेत एका करसल्लागाराने दिलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ.)



आजच्या व्याख्यानाचा विषय काहीसा रुक्ष आहे, याची मला जाणीव आहे. 'शासकीय धोरणांचा मागोवा' असे शब्द कानावर पडले की, हा वकिलांचा, मोठ्या उद्योगसमूहांचा किंवा दिल्लीतील जाणकारांचा प्रांत आहे, असे आपण मानून चालतो. पण ज्या जिल्ह्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तरी असे मानणे परवडणारे नाही. नाशिक जिल्ह्यातील हजारो कुटुंबांचे वर्षभराचे गणित दिल्लीतून निघणाऱ्या एक-दोन पानी कागदावर अवलंबून असते. तो कागद म्हणजे अधिसूचना, आणि ज्या पिकाच्या निमित्ताने तो निघतो ते पीक म्हणजे कांदा.

मी व्यवसायाने करसल्लागार आहे. लासलगाव आणि पिंपळगाव परिसरातील काही कांदा निर्यातदारांची कागदपत्रे माझ्याकडे असतात. माझे थोरले बंधू निफाड तालुक्यात शेती करतात. मी शहरात राहतो, म्हणजे कांदा विकत घेणाऱ्यांपैकी आहे. एकाच घरात उत्पादक आहे आणि ग्राहकही आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हीच स्थिती असेल, म्हणून हा विषय मी घरापासूनच सुरू करतो.

१४ सप्टेंबर २०२०, सोमवारचा दिवस. टाळेबंदीचा काळ संपत आला होता. दादांनी उन्हाळ कांदा चाळीत राखून ठेवला होता. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला हा कांदा पाच-सहा महिने टिकतो, म्हणून भाव येईपर्यंत शेतकरी तो राखतो. त्यात सड होते, वजन घटते, तरी तो धोका पत्करतो, कारण पदरात चार पैसे पडण्याची हीच एक संधी असते. त्या दिवशी केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून कांद्याची निर्यात तत्काळ बंद केली. रात्री दादांचा फोन आला. ते रागावले नव्हते. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "अरे, तू रोज हे सरकारी कागद वाचतोस ना? मग आम्हाला हे आधी कसं कळत नाही?"

त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हते. आजचे हे भाषण म्हणजे त्या उत्तराचा एक प्रयत्न आहे, असे समजावे.

एक पीक, तीन सूच्या

प्रथम एक मूलभूत गोष्ट स्पष्ट करून घेतली पाहिजे. कांद्याचे 'सरकार' कोणते? आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन सूच्या आहेत. शेती हा राज्य सूचीतील विषय आहे. त्याची नोंद चौदावी. बाजार आणि जत्रा हा विषयही राज्याचाच, नोंद अठ्ठाविसावी. म्हणूनच आपल्या बाजार समित्या महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याखाली चालतात. पण परदेशांशी व्यापार आणि आयात-निर्यात हा विषय संघ सूचीत एकेचाळिसाव्या नोंदीत आहे आणि निर्यातशुल्कासह सर्व सीमाशुल्क त्र्याऐंशीव्या नोंदीत. अन्नधान्य व खाद्यपदार्थांचा व्यापार आणि पुरवठा हा विषय समवर्ती सूचीच्या तेहेतिसाव्या नोंदीत येतो. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याला आज आधार आहे तो या नोंदीचा.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, कांदा शेतात असेपर्यंत आणि लिलावाच्या ओट्यावर येईपर्यंत तो राज्याचा विषय असतो. व्यापाऱ्याच्या गोदामात किती साठवावा, हे ठरवण्याचा अधिकार जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली केंद्राकडे येतो. आणि तो उरणच्या बंदराकडे निघाला की, संपूर्णपणे केंद्राचा होतो. केंद्रातही खाती वेगळी आहेत. निर्यातबंदी आणि किमान निर्यात मूल्य ठरते ते वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील विदेश व्यापार महासंचालनालयात, १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली. निर्यातशुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग काढतो. साठामर्यादा आणि सरकारी राखीव साठा पाहतो तो ग्राहक व्यवहार विभाग. किंमत स्थिरीकरण निधी आरंभी कृषी मंत्रालयाकडे होता. १ एप्रिल २०१६ पासून तोही ग्राहक व्यवहार विभागाकडे गेला. म्हणजे कांद्याविषयीच्या मोठ्या निर्णयांत कृषी मंत्रालयाची सही शोधायला गेलात, तर ती बहुधा सापडणार नाही.

हे न समजल्याने काय होते, ते पाहा. २०२३ च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यातील कांदा व्यापाऱ्यांनी २० तारखेपासून लिलाव बंद ठेवले आणि ते ऑक्टोबरच्या आरंभी सुरू झाले. मागण्यांत निर्यातशुल्क रद्द करण्याची मागणी होती आणि बाजार समितीचे शुल्क शंभर रुपयांना एक रुपयावरून पन्नास पैशांवर आणण्याचीही होती. पहिली मागणी दिल्लीच्या अर्थ मंत्रालयाची, दुसरी राज्याच्या पणन विभागाची. निवेदन एक आणि दरवाजे दोन! अशा वेळी प्रत्येक दरवाजावर 'हा आमचा विषय नाही' हे उत्तर मिळते आणि ते उत्तर खोटेही नसते. दरम्यान, चाळीतला कांदा कोणासाठी थांबत नाही.

अधिसूचनांची साखळी

आता गेल्या काही वर्षांचा पट आपल्यासमोर मांडतो. तारखा थोड्या अधिक आहेत, पण त्या तारखांतच सारे मर्म आहे.

निर्यातबंदी ही काही एका पक्षाच्या सरकारची मिरास नाही. २०१० च्या डिसेंबरात बंदी आली, २०११ च्या सप्टेंबरात पुन्हा आली. तेव्हा केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार होते. २०१३ साली किमान निर्यात मूल्य टनाला ११५० डॉलरपर्यंत नेण्यात आले. एवढ्या भावाने परदेशात कोण घेणार? बंदीचे नाव न घेता ती बंदीच होती. सरकार बदलले, पण उपाय बदलले नाहीत. २०१४ च्या जुलैमध्ये हे मूल्य ५०० डॉलर, २०१५ च्या ऑगस्टमध्ये ७०० डॉलर. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते हटले, २०१७ च्या नोव्हेंबरात ८५० डॉलर होऊन परत आले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत पुन्हा गेले.

१३ सप्टेंबर २०१९ रोजी पुन्हा ८५० डॉलर. त्यानंतर सोळा दिवसांनी, २९ सप्टेंबरला, रविवारी, संपूर्ण निर्यातबंदी आणि सोबत साठामर्यादा: घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल, किरकोळ विक्रेत्याला १०० क्विंटल. बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना लगेच ऑक्टोबरच्या आरंभी दिल्लीत आल्या होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको असे सांगितले आहे, असे त्या हसत हसत म्हणाल्या. पण पुढे त्यांनी असेही सुचवले की, आधी कल्पना दिली असती तर दुसरीकडून व्यवस्था करता आली असती. शेजारी देशाच्या पंतप्रधानांची तक्रार आणि माझ्या दादांची तक्रार यांत शब्दांचा फरक सोडला, तर काय फरक आहे?

ती बंदी मार्च २०२० मध्ये उठली. जूनमध्ये केंद्राने शेतीविषयक तीन वटहुकूम काढले. त्यांपैकी एकाने जीवनावश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती केली. फळे-भाजीपाल्याचा किरकोळ भाव शंभर टक्के वाढल्याखेरीज साठामर्यादा घालता येणार नाही, असा निकष त्यात होता. संसदेचे अधिवेशन १४ सप्टेंबरला सुरू झाले आणि त्याच दिवशी हे विधेयक लोकसभेत मांडले गेले. निर्यातबंदीची अधिसूचना निघाली तीही त्याच दिवशी! एका हाताने बंधन सैल करणारे विधेयक आणि दुसऱ्या हाताने निर्यातीचे दार बंद करणारा कागद. यात कोणाची कुटिलता होती, असे मी म्हणणार नाही. दोन वेगळी खाती, दोन वेगळे कायदे. एकाचे धोरण दुसऱ्याच्या धोरणाशी बोलत नव्हते, एवढेच त्यातून दिसते. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरात ते तिन्ही कायदे मागे घेतले गेले आणि भाववाढीचा लिखित निकष त्यांच्याबरोबर गेला. त्या वादाच्या गदारोळात ही एक उपयुक्त कल्पनाही वाहून गेली, याची फारशी कोणी दखल घेतली नाही.

यानंतरचा अध्याय आपल्या सर्वांच्या स्मरणात ताजा आहे. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार: चाळीस टक्के निर्यातशुल्क. २८ ऑक्टोबर, पुन्हा शनिवार: किमान निर्यात मूल्य ८०० डॉलर. ७ डिसेंबर: ३१ मार्च २०२४ पर्यंत संपूर्ण बंदी. योगायोग असा की, त्याच दिवशी नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले होते. आपल्या आमदारांनी आवाज उठवला खरा, पण निर्यात हा विधिमंडळाच्या कक्षेतील विषयच नव्हता. ३१ मार्चला बंदी संपेल या भरवशावर अनेकांनी काढणीचे आणि विक्रीचे नियोजन केले. २२ मार्चला ती बंदी 'पुढील आदेशापर्यंत' वाढवण्यात आली. एप्रिलच्या अखेरीस सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा पाठवण्यास अनुमती असल्याचे शासनाने सांगितले. मेच्या पहिल्या आठवड्यात बंदी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि चाळीस टक्के शुल्क यांसह. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान मूल्य गेले आणि शुल्क वीस टक्क्यांवर आले. ते वीस टक्के रद्द झाले १ एप्रिल २०२५ पासून.

पायऱ्या आणि तळटिपा

या साखळीकडे नीट पाहिले की, दोन गोष्टी ध्यानात येतात.

पहिली अशी की, बहुतेक वेळा बंदी एकाएकी येत नाही. ती पायऱ्या चढत येते. २०१९ साली किमान मूल्य आणि बंदी यांत सोळा दिवस होते. २०२३ साली पहिल्या शुल्कापासून बंदीपर्यंत एकशे दहा दिवस होते. त्या काळात ग्राहक व्यवहार विभाग दररोजचे किरकोळ भाव प्रसिद्ध करत होता, राखीव साठ्याची खरेदी वाढवत होता, 'नाफेड' आणि 'एनसीसीएफ'मार्फत २,४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर झाली होती. हे सारे संकेतच होते. जो पाहत होता त्याला ढग दिसत होते. २०२० चा अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. त्या वर्षी कोणतीही पायरी नव्हती. सरळ कडाच होता. दादांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे असे आहे: काही वेळा आधी कळू शकते, पण त्यासाठी कोणीतरी रोज पाहत राहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट, कागदाचा शेवट वाचण्याची. विदेश व्यापार धोरणात १.०५ हा एक परिच्छेद आहे. निर्यातीवर नवे बंधन आले तरी आधीच झालेल्या पक्क्या व्यवहारांना संरक्षण मिळावे, अशी सोय त्यात आहे. १४ सप्टेंबर २०२० च्या अधिसूचनेत मात्र ही सोय लागू होणार नाही, असे स्पष्ट म्हटले होते. माझ्या एका पक्षकाराचे दोन कंटेनर त्या वेळी जायचे होते. एक बंदरात पोहोचून सीमाशुल्क खात्याच्या नोंदीत गेला होता, दुसरा इकडे शेडमध्ये भरला जात होता. 'करार आधीचा आहे, म्हणजे दोन्ही जातील,' असे त्यांना कोणीतरी खात्रीने सांगितले होते आणि वर्तमानपत्रात तर फक्त 'निर्यातबंदी' एवढेच छापून आले होते. आम्ही कागद शेवटपर्यंत वाचला आणि त्याच रात्री शेडमधले काम थांबवले. काही दिवसांनी, बंदीपूर्वी सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात गेलेला माल जाऊ देण्याचा निर्णय झाला. पहिला कंटेनर गेला. दुसऱ्यातला कांदा स्थानिक बाजारात विकावा लागला. नुकसान झालेच, पण वाहतुकीचा आणि बंदरातील भाड्याचा भुर्दंड वाचला. २०२३ च्या बंदीत उलट स्थिती होती. आधीच सीमाशुल्काकडे सोपवलेल्या मालाला ५ जानेवारी २०२४ पर्यंत जाण्याची मुभा त्याच कागदात लिहिलेली होती. मथळा दोन्ही वेळी एकच होता. आतला मजकूर मात्र परस्परविरोधी.

राज्याचा कागदही तितकाच महत्त्वाचा

केंद्राकडे बोट दाखवताना राज्याचा शासन निर्णय वाचायचा राहून जातो. २०२३ च्या आरंभी लाल कांद्याचे भाव कोसळले. राज्य सरकारने विधानसभेत तीनशे रुपये क्विंटल अनुदानाची घोषणा केली आणि पुढे ते साडेतीनशे केले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्यासाठी, प्रत्येक शेतकऱ्याला दोनशे क्विंटलच्या मर्यादेत. घोषणा सर्वांनी ऐकली, आनंदही झाला. परंतु मार्चच्या अखेरीस निघालेल्या शासन निर्णयात सातबाऱ्यावर कांद्याची पीकनोंद असण्याची अट होती. ई-पीक पाहणीत ज्यांनी कांदा नोंदवलाच नव्हता, त्यांची मोठी अडचण झाली. पुढे ही अट शिथिल करून गावपातळीवर खातरजमा करण्याची सोय झाली, पण तोवर बरीच धावपळ होऊन गेली.

यात शासनाची अट अगदी अकारण होती, असेही नाही. नोंद नसेल तर अनुदान कोणाला द्यायचे, हा प्रश्न असतोच. पण घोषणा आणि शासन निर्णय यांत अंतर असते, हे प्रत्येक गावाला ठाऊक असले पाहिजे. घोषणा सभागृहात होते, पैसा मात्र शासन निर्णयाप्रमाणे मिळतो. पीक पेरल्यावर मोबाईलवर त्याची नोंद करणे हे काम क्षुल्लक वाटते. सहा महिन्यांनी तेच साडेतीनशे रुपयांचे होऊन समोर उभे राहते.

ग्राहकाची बाजू

इथे समोर बसलेल्या भगिनींच्या मनात एक प्रश्न निश्चित आला असेल. कांदा ऐंशी-शंभर रुपये किलो होतो तेव्हा सरकारने हातावर हात ठेवून बसावे काय? हा प्रश्न रास्त आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात भाकरीबरोबर कांदा हेच कालवण असते. भाववाढीचा राजकीय परिणामही देशाने पाहिला आहे. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्ली आणि राजस्थानात भाजपची सरकारे गेली, त्यात कांद्याचा वाटा मोठा होता, हे सर्वमान्य आहे. त्यामुळे कोणतेही सरकार कांद्याच्या भावाला दचकते, यात नवल नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांदा विकून हाती आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले होते. किलोला दीड रुपयाही न पडलेला तो भाव होता. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही मतदारसंघांत सत्ताधारी आघाडीचे उमेदवार पराभूत झाले आणि कांद्याविषयीचा रोष हे त्यामागील एक प्रमुख कारण मानले गेले.

म्हणून उत्पादक विरुद्ध ग्राहक असा हा सामना मांडणे मला मान्य नाही. माझ्या घरात तो मांडता येत नाही, मग समाजात का मांडावा? दोघांचेही नुकसान होते ते अनिश्चिततेने. बंदी केव्हा येईल हे ठाऊक नसल्याने शेतकरी घाईने विकतो किंवा नको इतका थांबतो. परदेशी ग्राहक दुसऱ्या देशाकडे वळतो. पुढच्या वर्षी लागवड कमी होते आणि भाव पुन्हा चढतो. २०२३-२४ या वर्षात देशातून १७.१७ लाख टन कांदा बाहेर गेला. त्याआधीच्या वर्षी ही निर्यात पंचवीस लाख टनांहून अधिक होती. हा फरक केवळ आकड्यांचा नाही. तुटलेला व्यापारी संबंध बंदी उठल्याच्या दिवशी आपोआप जुळत नाही.

कौटिल्याने अर्थशास्त्रात पण्याध्यक्षाची, म्हणजे व्यापारावरील अधिकाऱ्याची, कर्तव्ये सांगितली आहेत. प्रजेला पीडा देणारा लाभ कितीही मोठा असला, तरी तो टाळावा, असे तो सांगतो. आणि त्याच ठिकाणी तो असेही सांगतो की, ज्या वस्तूंची नित्य गरज असते त्यांच्या विक्रीला काळाची आडकाठी घालू नये. ग्राहकाची आणि विक्रेत्याची काळजी एकाच अधिकाऱ्याने एकाच वेळी वाहावी, ही त्यातील दृष्टी आहे. आपल्याला आज हेच हवे आहे. बंदी कधीच घालू नका, अशी मागणी व्यवहार्य नाही. बंदीचा निकष आधी लिहून ठेवा, पुरेशा दिवसांची पूर्वसूचना द्या, झालेल्या करारांना संरक्षण द्या आणि दिलेली मुदत पाळा, ही मागणी कोणत्याही सरकारला मान्य करता येण्यासारखी आहे.

शासनाशी संबंध म्हणजे काय?

शासनाशी संबंध म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक, मंत्र्यांच्या स्वीय सहायकाशी ओळख. दुसरी, निर्णय झाल्यानंतरचा रास्ता रोको. दुसऱ्या मार्गाला या जिल्ह्यात मोठी परंपरा आहे. १९८० साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली ऊस-कांद्याचे आंदोलन मुंबई-आग्रा रस्त्यावर उभे राहिले, तेव्हा शेतमालाच्या भावाचा प्रश्न साऱ्या देशाला ऐकू गेला. त्या आंदोलनाचे महत्त्व मी कमी करत नाही. पण आंदोलन हे शेवटचे साधन आहे, आणि शेवटचे साधन रोज वापरले की त्याची धार जाते. ओळखीचे तर विचारूच नका. ती माणसाबरोबर येते आणि बदलीबरोबर जाते.

मी ज्याला संबंध म्हणतो तो लिखित आणि सातत्याचा असतो. अमेरिकेत १९४६ च्या कायद्याने अशी पद्धत घालून दिली की, संघराज्य सरकारच्या खात्यांनी बहुतेक नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा, नागरिकांची मते मागवावीत आणि मगच नियम पक्का करावा. आपल्याकडेही २०१४ च्या फेब्रुवारीत केंद्राने विधेयकांचे मसुदे निदान तीस दिवस जनतेपुढे ठेवण्याचे धोरण स्वीकारले. राज्याच्या राजपत्रातही 'हरकती व सूचना' मागवणारे मसुदे नियमित येत असतात. प्रश्न असा आहे की, त्यावर हरकत कोण पाठवतो? ज्यांचे हितसंबंध मोठे आहेत, त्यांची पगारी माणसे पाठवतात. गावाकडून बहुधा काहीच जात नाही. मग निर्णय झाल्यावर 'आम्हाला कोणी विचारले नाही' असे आपण म्हणतो. निर्यातबंदीच्या बाबतीत ते म्हणणे खरे आहे, कारण तिथे विचारण्याची पद्धतच नाही. इतर अनेक बाबतींत मात्र विचारले गेले होते आणि आपण वाचले नव्हते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. सरकार आपल्या विचारांच्या जवळचे असले की, कार्यकर्त्याची जीभ जड होते. 'वरच्यांनी काही विचार करूनच केले असेल,' असे आपण स्वतःला समजावतो. २०२३-२४ मध्ये आपल्यापैकी अनेकांचे असे झाले; माझेही झाले. पण गावातील वस्तुस्थिती वेळेवर, नम्रपणे आणि आकड्यांसह वरपर्यंत पोहोचवणे यात कोणताही द्रोह नाही. ती न पोहोचवणे, हीच खरी हानी आहे. ज्याला आपण आपला मानतो त्याला खड्डा दिसत नसेल, तर सांगायचे कोणी? मतपेटीने ते सांगावे, अशी वेळ येऊ देऊ नये.

आपण काय करू शकतो?

आता व्यवहाराचे बोलतो. प्रत्येक मोठ्या गावात किंवा शेतकरी गटात एक नोंदवही असावी आणि ती सांभाळणारा एक माणूस. निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, महाविद्यालयीन तरुण, कोणीही चालेल. केंद्राचे राजपत्र २०१५ च्या ऑक्टोबरपासून कागदावर छापले जात नाही. ते संगणकावर सर्वांना विनामूल्य उपलब्ध असते. राज्याचे शासन निर्णयही शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात. दिवसाकाठी अर्धा तास पुरेसा आहे.

पाच ठिकाणे पाहावीत: विदेश व्यापार महासंचालनालय, महसूल विभागाच्या सीमाशुल्क अधिसूचना, ग्राहक व्यवहार विभागाचे भाव आणि साठ्याचे आदेश, राज्याच्या सहकार व पणन विभागाचे शासन निर्णय आणि आपल्या बाजार समितीचे ठराव. प्रत्येक कागदातील पाच गोष्टी वहीत उतरवाव्यात: कोणत्या कायद्याखाली निघाला, केव्हापासून लागू, केव्हापर्यंत लागू, कोणाला सूट आणि आधीच्या व्यवहारांचे काय. मथळा उतरवू नये. शेजारी त्या दिवशीचा लासलगावचा भाव आणि नाशिकमधील किरकोळ भाव लिहावा. दोन वर्षांत त्या वहीचा असा दस्तऐवज होईल की, कोणताही खासदार तो नाकारू शकणार नाही.

खासदारांचे नाव घेतलेच आहे, तर हेही सांगतो. लोकसभेत अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर द्यावे लागते. संसदेच्या विभागनिहाय स्थायी समित्या १९९३ पासून आहेत आणि एखाद्या विषयाचा अभ्यास हाती घेतला की त्या अनेकदा नागरिकांकडून निवेदने मागवतात. विधिमंडळात लक्षवेधी सूचना आहे. अनुदान अडले, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कारण विचारता येते. ही दारे उघडी आहेत. त्यांतून आत जाण्यासाठी फक्त नेमका प्रश्न हवा. 'कांद्याला न्याय द्या' हे घोषवाक्य आहे. 'निर्यातबंदीच्या अधिसूचनेत परिच्छेद १.०५ ची सोय का वगळली?' हा प्रश्न आहे. घोषवाक्याला आश्वासन मिळते, प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

शहरातील कुटुंबांनाही माझी एक विनंती आहे. भाव वाढला की आपण बोलतो. तो दीड रुपयावर येतो तेव्हाही बोलावे. आपल्या वसाहतीतून, मंडळातून, ग्राहक संघटनेतून एक पत्र त्या वेळीही जावे. ग्राहक शेतकऱ्याच्या बाजूने लिहितो, तेव्हा त्या पत्राचे वजन दुप्पट होते.

शेवटी दादांकडे परत येतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चाळीस टक्के शुल्क आले, त्या शनिवारी मीच त्यांना फोन केला. "दादा, ही पहिली पायरी आहे. पुढची येईलच असं नाही, पण आली तर नवल नको." त्यांनी चाळीतला निम्मा कांदा लिलाव सुरू होताच विकला, निम्मा राखला. नफा झाला नाही. पण त्या वर्षी पूर्ण बुडाले नाहीत. नंतर ते एवढेच म्हणाले, "कळलं म्हणजे सगळं वाचतं असं नाही. पण माणूस स्वतः ठरवतो तरी."

स्वतः ठरवता येणे, हेच तर नागरिकाचे लक्षण आहे. आज घरी गेल्यावर एक कोरी वही काढावी आणि पहिल्या पानावर आजची तारीख घालावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

वंदे मातरम्!